विषय एक, मजकूर भलताच

घरपट्टीचा अर्ज असो, नळाच्या जोडणीचा असो किंवा दाखल्यावरचे नाव दुरुस्त करून घ्यायचे असो, आपल्या भागातल्या घरांत अर्ज दोन भाषांत लिहिणारे कोणी ना कोणी असतेच. मराठीत लिहिला तर साहेबांचे नाव-पत्ता झाल्यावर मधोमध ‘विषय’ येतो आणि त्याच्या खाली ‘संदर्भ’. कन्नडात लिहिला तरी ‘विषय’ तोच राहतो, खाली फक्त ‘उल्लेख’ म्हणायचे. टेबलावरचा कारकून पहिल्या नजरेत एवढ्या दोनच ओळी वाचतो. विषयावरून कागद कुठल्या टेबलाकडे जायचा ते ठरते आणि संदर्भातल्या जावक क्रमांकावरून तो कुठल्या फायलीत लागायचा ते. खालचा दोन पानी मजकूर आपण कितीही जीव ओतून लिहिलेला असो.

माझी आई मूळची बैलहोंगलची. फोन उचलला की हॅलोच्या आधी तिचा प्रश्न असतो, “एन विषय?” काय काम काढलेस, असा त्याचा अर्थ. विषय कळल्याशिवाय ती पुढचे ऐकायला तयार नसते. संगणकावरच्या चर्चागटांत विषय पाहून पत्रे गाळण्याची सोय मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा मला आईचीच आठवण झाली होती. त्या सोयीने मला एकदा कसे गोत्यात आणले, ते आज सांगायचे आहे.

फेसबुक, व्हॉट्सॲप यांच्या कितीतरी आधी, इतकेच काय पण वेबपाने निघण्याच्याही आधी, संगणकावर चर्चा करण्याची एक मोठी व्यवस्था होती. तिचे नाव यूजनेट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना १९७९ साली तिची कल्पना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने साथ दिली आणि १९८० मध्ये ती चालू झाली. एका संगणकावर लिहिलेले पत्र रात्री टेलिफोनवरून दुसऱ्या संगणकाकडे जाई, तिथून तिसऱ्याकडे. मालक असा कोणी नव्हता. विषयवार गट होते, त्यांना न्यूजग्रुप म्हणत, आणि ते वाचण्यासाठीच्या प्रोग्रॅमला न्यूजरीडर. बातम्यांशी त्याचा संबंध नावापुरताच. गणितापासून स्वयंपाकापर्यंत सगळे तिथे होते. पुढे परदेशी शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी तिथे आपलेही गट काढले. एक मराठीचा होता, एक कर्नाटकचा, गोव्याचा होता, आणि हिंदुस्थानी संगीताचे तर फारच जाणकार गट होते.

यूजनेटवरच्या प्रत्येक पत्राच्या माथ्यावर काही ठरलेल्या ओळी असतात. कोणी लिहिले, कधी लिहिले, विषय काय. शिवाय प्रत्येक पत्राला जगात दुसऱ्या कुठल्याही पत्राला नसेल असा एक क्रमांक मिळतो. हा म्हणजे आपला जावक क्रमांक. त्या पत्राला कोणी उत्तर दिले की उत्तराच्या ‘संदर्भ’ या ओळीत मूळ पत्राचा क्रमांक येतो, त्या उत्तराच्या उत्तरात दोन्ही क्रमांक येतात, आणि अशी आजा-पणजापर्यंतची वंशावळ तयार होते. १९८७ साली या पत्रांचे जे नियम लिहिले गेले, त्यांत उत्तरावर हा संदर्भ असलाच पाहिजे असे म्हटले आहे. उत्तराच्या विषयाआधी ‘री’ हे अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबे लावायची, हेही त्यातच. आपण आजही ई-मेलमध्ये ते पाहतो. कित्येकांना ते ‘रिप्लाय’चे लघुरूप वाटते, पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अमक्या बाबतीत’ असा आहे. म्हणजे पुन्हा विषयच!

न्यूजरीडरची खुबी अशी की तो आधी फक्त या माथ्यावरच्या ओळी मागवून घेतो. पत्राचे पोट तिकडेच सर्व्हरवर राहते. यादी पाहून आपण एखाद्या पत्रावर क्लिक केले की मग मजकूर येतो. म्हणून विषयावरून गाळणे अगदी स्वस्त पडते, कारण ती ओळ आधीच आपल्या हातात असते. मजकुरातला शब्द शोधून गाळायचे तर शेकडो पत्रे आधी पूर्ण उतरवून घ्यावी लागतात. टेलिफोनच्या बिलावर इंटरनेट चालायचे त्या काळात हे कोणाला परवडणार?

लॅरी वॉल या गृहस्थाने १९८४ मध्ये ‘आरएन’ नावाचा न्यूजरीडर लिहिला. (याच वॉलने पुढे १९८७ मध्ये पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा काढली.) त्यात धाकटे ‘के’ अक्षर दाबले की त्या विषयाची सगळी पत्रे वाचून झाल्यासारखी बाजूला होत. थोरले ‘के’ दाबले की तो विषय एका फायलीत कायमचा लिहिला जाई आणि उद्या, परवा, पुढल्या महिन्यात त्या विषयाचे पत्र आले तरी ते दिसत नसे. त्या फायलीला सरळ किलफाइल म्हणत. विषय काय, माणूससुद्धा किलफाइलमध्ये टाकता येई. आणि टाकल्यावर चारचौघांत ‘प्लॉंक’ असे लिहायची पद्धत होती. माणूस फायलीच्या तळाशी पडल्याचा तो आवाज! आपल्याकडे भावकीत बोलणे बंद होते, पण निदान आवाज करून कोणी सांगत नाही.

किलफाइलची गरज का पडली, तेही ऐकण्यासारखे आहे. सुरुवातीला यूजनेटवर बहुतेक विद्यापीठांतली माणसे. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत, मग रीतीभाती शिकून शहाणे होत. १९९३ च्या सप्टेंबरपासून मोठ्या कंपन्यांच्या घरगुती ग्राहकांचा लोंढा आत येऊ लागला आणि तो थांबलाच नाही. जुनी मंडळी त्याला ‘न संपणारा सप्टेंबर’ म्हणतात. त्यानंतर एप्रिल १९९४ मध्ये कॅंटर आणि सीगल या ॲरिझोनातल्या वकील जोडप्याने ग्रीन कार्डाच्या लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त गटांत एकाच वेळी टाकली. फुलझाडांच्या गटात ग्रीन कार्ड, बुद्धिबळाच्या गटात ग्रीन कार्ड. लोकांनी रागाने ‘ग्रीन कार्ड’ हे शब्दच गाळायला घेतले तर नवल नव्हते. पण आपल्या देशी गटांत ग्रीन कार्ड हा खराखुरा, रात्रीची झोप उडवणारा विषय. तिथे ते शब्द गाळायचे म्हणजे जाहिरातीबरोबर शेजाऱ्याची अडचणही गाळायची. विषयाच्या चाळणीची ही पहिली खोट. चाळणीला शब्द कळतो, तो कोणाच्या तोंडचा आहे ते कळत नाही.

दुसरी खोट स्पेलिंगची. त्या काळी मराठी पत्रे बहुधा रोमन लिपीत असत. अविनाश चोपडे यांची आयट्रान्स ही पद्धत पाळणारे लोक ‘ल’ला धाकटे अक्षर आणि ‘ळ’ला थोरले वापरत. पण गाळताना धाकटे-थोरले एकच मानणाऱ्या न्यूजरीडरच्या लेखी काळ, काल, कळ आणि कल हे चारही शब्द सारखेच. आणि आपल्या गावाचे नाव? बेळगाव, बेलगांव, बेळगांवी, बेल्गम, बेळगावी. एक गाळले तर चार शिल्लक राहतात. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदलले, त्यामुळे आधीचे आणि नंतरचे असा आणखी एक घोळ झाला.

तिसरी गंमत शब्दाच्या पोटातल्या शब्दाची. समजा, करांवरच्या चर्चेला कंटाळून तुम्ही विषयात ‘कर’ असेल ते सगळे गाळा असे सांगितले. मग शंकर जाईल, करमरकर दोनदा जाईल आणि गोकाकचा करदंटही जाईल. यावर उपाय आहे, शब्दाची सुरुवात आणि शेवट कुठे ते खुणांनी सांगता येते, पण त्या खुणा शिकायला एक रविवार घालवावा लागतो. पुढे युनिकोडात देवनागरी विषय लिहिता येऊ लागले, तेव्हा नवीनच अडचण आली. माथ्यावरच्या ओळीत साधी रोमन अक्षरेच चालत, म्हणून देवनागरी विषय संकेतात बांधून पाठवला जाई, आणि जुना न्यूजरीडर तो संकेतच वाचत बसे. समोर ‘पुरणपोळी’ असली तरी त्याला दिसायची रोमन अक्षरांची खिचडी. तसेच ‘री’चे. जर्मन लोकांचे प्रोग्रॅम त्याजागी त्यांच्या ‘उत्तर’ या शब्दाची अक्षरे लावत, स्वीडनचे आपली वेगळी. चार देशांतून फिरून आलेल्या विषयाआधी चार शेपट्या, आणि ‘हाच तो धागा’ हे यंत्राला ओळखू येईना.

पण या सगळ्या किरकोळ गोष्टी. खरी खोट वेगळीच आहे आणि ती मला चांगलीच भोवली.

२००४ साली मी मराठीत एम.ए. करत होते. लघुप्रबंधाला विषय घेतला होता आपल्या बोलीतले कन्नड शब्द. धाकट्या भावासाठी घरात संगणक आला होता, आणि रात्री दहानंतर, फोन कोणाला लागणार नाही अशा वेळी, मी मोडेम जोडून मराठी गटाची यादी उतरवून घेई आणि लगेच जोडणी तोडून टाकी. वाचायचा प्रोग्रॅम होता आउटलुक एक्स्प्रेस. त्यात न्यूजग्रुपसाठी नियम करता येत. विषयात अमुक शब्द असतील तर पत्राला रंग द्या, वाचलेले दाखवा किंवा काढून टाका.

मी गटात एक प्रश्न टाकला. कन्नडातून मराठीत आलेले, घरात रोज वापरातले शब्द कळवा, आणि त्याबद्दल कुठे काही वाचले असेल तर तेही कळवा. तो मार्च महिना होता. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकार सीमाप्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले आणि गटात रण पेटले. भांडणारे एकच पत्र मराठीच्या आणि कर्नाटकच्या, दोन्ही गटांत टाकत. त्यामुळे दोन्हीकडून उत्तरे, त्यांवर प्रत्युत्तरे. एका रात्रीत साठ-सत्तर पत्रे येत, आणि भाषा तर अशी की आईने मागून येऊन पडद्यावर पाहू नये असे वाटायचे. आमच्या घरात जेवताना वडील मराठीत विचारतात आणि आई कन्नडात उत्तर देते. मी कुठल्या बाजूने वाचायचे? वैतागून नियम केला. विषयात ‘बॉर्डर’ किंवा गावाच्या नावाच्या तीन स्पेलिंगांपैकी कुठलेही असेल तर पत्र काढून टाका. यादी एकदम स्वच्छ झाली. फार बरे वाटले, खोटे कशाला बोलू?

माझ्या प्रश्नाला एकच उत्तर आले, तेही ‘चांगला विषय आहे, शुभेच्छा’ एवढेच. मी मनाशी म्हटले, या लोकांना भांडायला वेळ आहे, चार शब्द सांगायला नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “शं. बा. जोशी पाहिले नाहीत?” मी गप्प. शं. बा. जोशी आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, कन्नडातले मोठे संशोधक, आणि त्यांनी मराठीत लिहिलेले ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ हे पुस्तक माझ्या विषयाच्या अगदी उंबऱ्यावरचे. संदर्भसूचीत ते नव्हते. परीक्षक सज्जन होते, पुढचा प्रश्न विचारून मोकळे झाले. मी मात्र घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाही.

२००१ साली गूगलने यूजनेटचा जुना संग्रह विकत घेतला होता आणि त्यात कोणालाही शोधता येई. २०१३ मध्ये एका सुट्टीत सहज म्हणून मी माझा तो जुना प्रश्न शोधला. प्रश्न सापडला, आणि त्याच्याबरोबर भलत्याच धाग्यातली सात पत्रे सापडली. विषयाची ओळ सातही पत्रांवर एकच, सीमावादाची, आणि तीही शिवी म्हणावी अशी. आतला मजकूर मात्र असा : भांडता भांडता एकाने लिहिले होते की पुरे आता, त्या पलीकडे एका मुलीने शब्द विचारले आहेत, तिला कोणी उत्तर देत नाही. त्यावर धारवाडकडचे एक वयस्कर गृहस्थ सरसावले होते. तूप आणि तुप्प. अडकित्ता, आणि त्यातली अडके म्हणजे सुपारी. अक्का आणि अण्णा ही तर दोन्ही घरची माणसे. आदल्या दिवशी ज्याच्याशी हातघाईवर आले होते, त्याच मराठी माणसाने खाली आणखी शब्द जोडले होते. पाचव्या पत्रात शं. बा. जोशींचे पुस्तक होते, नावासकट. आणि सातव्या पत्रात त्या गृहस्थांनी माझ्या नावाची आद्याक्षरे घालून विचारले होते, ‘वाचताय ना?’

त्यावर उत्तर नव्हते. नऊ वर्षांनी मी त्यांच्या पत्त्यावर ई-मेल पाठवली, ती ‘असा पत्ता नाही’ म्हणून परत आली.

बोलणे असे वाहत जाते आणि विषयाची ओळ तिथेच राहते, ही ती खोट. यूजनेटवर त्यासाठी एक चांगली रीत होती. बोलण्याने वळण घेतले की नवा विषय लिहायचा आणि कंसात ‘आधीचा विषय अमुक’ असे टाकायचे. संदर्भातले क्रमांक तसेच राहत असल्याने वंशावळ मोडत नाही आणि गाळणाऱ्यालाही न्याय मिळतो. पण भांडणाच्या किंवा गप्पांच्या भरात हे कोणाला सुचते? मला माहीत असूनही सुचत नाही.

जाणत्या लोकांनी किलफाइल सोडून गुण देण्याची पद्धत काढली होती, ती मी फार उशिरा शिकले. जीनस, एसएलआरएन अशा न्यूजरीडरांत पत्राला उत्तरपत्रिकेसारखे गुण मिळतात. आवडत्या विषयाला अधिक, नावडत्याला उणे, एकाच वेळी पाच-सहा गटांत टाकलेल्या पत्राला आणखी उणे, आपल्या पत्राला आलेल्या उत्तराला भरपूर अधिक. सगळ्यांची बेरीज होऊन यादी लागते. नापास पत्र फाडले जात नाही, तळाला जाते. शिवाय नियमाला मुदत घालता येते. जीनसमध्ये तात्पुरता नियम वापरात राहिला नाही तर मूळ ठेवणीप्रमाणे सात दिवसांनी आपोआप पुसला जातो. भांडण सात दिवस टिकत नाही असे नाही (आपण सीमेवरच्या लोकांनी तरी तसे म्हणू नये), पण आठव्या दिवशी एकदा डोकावून पाहायची संधी मिळते. माझी ती सात पत्रे भांडणाच्या तिसऱ्या आठवड्यात लिहिलेली होती. नियम आठवडाभराचा असता तर तेव्हा त्या ओळी पुन्हा माझ्या यादीत आल्या असत्या.

ड्यूक विद्यापीठाने स्वतःचा यूजनेट सर्व्हर २०१० मध्येच बंद केला. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनेही तिथली नवी पत्रे घेणे थांबवले, जुना संग्रह तेवढा ठेवला आहे. यूजनेट मात्र मेलेले नाही. थंडरबर्डसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममधून आजही न्यूजग्रुप वाचता येतात, आणि तिथेही धागा डोळ्यांआड करायला ‘के’च दाबायचे असते. लॅरी वॉलचे अक्षर चाळीस वर्षे टिकले म्हणायचे.

घरोघरी आता व्हॉट्सॲप आहे, आणि त्यात विषयाची ओळच नाही. सुप्रभाताची फुले, आत्याच्या गुडघ्याचा रिपोर्ट, श्राद्धाची तिथी आणि सीमेवरचा तापलेला व्हिडिओ, सगळे एकाच रांगेत. आवाज बंद करायचा तर अख्ख्या कुटुंबाचाच करावा लागतो. आमच्या ग्रुपवर मामांनी एकदा वास्तुशांतीची तारीख दोन व्हिडिओंच्या मध्ये टाकली होती, ती सहा जणांना दिसलीच नाही.

ई-मेलला अजून विषय आहे. जीमेलमध्ये विषयावरून गाळणी लावता येते, आणि मी लावते, पण ‘काढून टाका’ कधीच निवडत नाही. लेबल लावून बाजूला ठेवते आणि शनिवारी सकाळी ते कप्पे उघडते. माझे विद्यार्थी माझी शेवटची मेल शोधून तिलाच उत्तर देतात आणि त्याला निबंध जोडतात. त्यामुळे गेल्या वर्षीचे निम्मे निबंध मला ‘दिवाळीची सुट्टी’ या विषयाखाली मिळाले. गुण कापले नाहीत.

ती सात पत्रे मी तेव्हाच छापून घेतली होती. परवा कपाट आवरताना निघाली, म्हणून आईला वाचून दाखवली. वरची विषयाची ओळ वगळली. तूप झाले, अक्का-अण्णा झाले, अडकित्त्यापाशी तिने हात वर केला.

“अडके? हे कोणी लिहिलंय?”

“धारवाडकडचे एकजण आहेत.”

“पुस्तकातलं लिहिलंय त्यांनी. आमच्यात अडकी म्हणतात, अडकी. कळव त्यांना.”